पाचोडमध्ये 'चैत्र' वाचताना

निसर्गाशी जुळवून घेऊन, सजगपणे आणि आनंदाने जगावे, हा उपदेश हल्ली सर्वांच्या तोंडी असतो. पर्यावरण दिनाच्या भाषणांत तो असतो, अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत असतो, शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारातही असतो. उपदेश चांगलाच आहे. त्याला कोणी विरोध करणार नाही, आणि नेमके हेच त्याचे दुखणे आहे. ज्या विधानाला विरोधच होऊ शकत नाही ते तपासूनही पाहता येत नाही. सजगपणे म्हणजे कशाकडे पाहायचे? किती दिवस पाहायचे? पाहून झाल्यावर काय करायचे? असे प्रश्न विचारले की उपदेशक बहुधा 'झाडे लावा' येथवर येऊन थांबतो.

उपदेश न करता हे पाहणे प्रत्यक्ष करून दाखवणारे एक पुस्तक मराठीत आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांवरचे हे लेख मराठी ललित निबंधाचा मानदंड मानले जातात. त्यातील 'वसंतहृदय चैत्र' हा लेख २०१८ साली आलेल्या इयत्ता दहावीच्या 'कुमारभारती'त घेतला गेला आणि राज्यभरच्या वर्गांत पोहोचला. विज्ञानाच्या मासिकात ललित लेखाची चर्चा कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आमच्या मते निसर्गनिरीक्षणाचा इतका चांगला पाठ मराठीच्या पुस्तकात असताना विज्ञानाच्या शिक्षकाने त्याच्याकडे पाठ फिरवणे हा तोटा आहे. मात्र तो पाठ मुंबईत किंवा कोकणात वाचणे वेगळे आणि मराठवाड्यात वाचणे वेगळे. म्हणून येथे तो पाचोडमध्ये ठेवून वाचायचा आहे.

पाचोड हे पैठण तालुक्यातले गाव. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना धुळे-सोलापूर महामार्गावर ते लागते. मोसंबीची बाजारपेठ म्हणून त्याचे नाव दूरवरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. पैठणचे जायकवाडी धरण काही दूर नाही. १९७६ साली लोकार्पण झालेल्या या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर, म्हणजे शंभर टीएमसीहून थोडी अधिक. पण धरण जवळ असणे आणि शेतात पाणी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या भागात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पायाखाली बेसाल्टचा कातळ आहे. या खडकात पाणी साठते ते फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. अखंड कातळात जवळजवळ नाहीच. त्यामुळे पावसाळ्यात काठोकाठ दिसणारी विहीर उन्हाळ्यात तळ दाखवते. अशा ठिकाणी दहावीचा विद्यार्थी चैत्राचे वर्णन वाचतो.

आधी लेखाचे बलस्थान पाहू. दुर्गाबाई (१९१०-२००२) संशोधक होत्या. आरंभीच्या बौद्ध संघातील न्यायव्यवस्था हा त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होता. पुढे त्या समाजशास्त्र आणि लोकसाहित्याकडे वळल्या. मध्य प्रांतात आदिवासींच्या अभ्यासासाठी हिंडत असताना त्यांना विषबाधा झाली आणि नंतरची काही वर्षे अंथरुणावर काढावी लागली. जाता जाता नोंदवतो, की आज ज्याला 'सजगता' म्हणून शिबिरांतून शिकवले जाते, त्याला बौद्ध परंपरेत 'स्मृती' म्हणतात. समोर जे आहे त्याचे भान सुटू न देणे, एवढाच त्याचा साधा अर्थ. 'ऋतुचक्रा'त तो शब्द शोधत बसण्याची गरज नाही. पाहण्याची रीतच तशी आहे.

ही रीत कोणती? पहिली गोष्ट अशी, की झाड 'हिरवेगार' आहे असे म्हणून दुर्गाबाई पुढे जात नाहीत. कोवळ्या पानाचा रंग कोणता, तो कसा बदलतो, फूल देठाशी कसे आहे, याकडे त्यांचे लक्ष असते. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. प्रतिष्ठित आणि अप्रतिष्ठित असा भेद त्या वनस्पतींत करत नाहीत. ज्या पाठात पिंपळाच्या पालवीला आणि मधुमालतीला जागा आहे त्याच पाठात घाणेरीलाही आहे. नावातच घाण असलेले, कुंपणाला वाढणारे हे झुडूप कवींनी सहसा हाती धरले नाही. वर्गात शिकवताना या दोन्ही जागी विज्ञानाच्या शिक्षकाला भरपूर वाव आहे.

पिंपळाचेच घ्या. कोवळे पान तांबूस का असते? हरितद्रव्य पुरेसे तयार होण्याआधी त्या पानात अँथोसायानिन या वर्गातील रंगद्रव्ये साठतात. कोवळ्या, अजून न पिकलेल्या ऊतींचे प्रखर उन्हापासून रक्षण करणे हे त्यांचे एक कार्य मानले जाते. पाने खाणाऱ्या किड्यांना असे पान कमी आकर्षक ठरते, असेही एक मत आहे. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच वेळी खरी असू शकतात. त्याहून मोठे कोडे असे, की वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात झाड नवी पाने काढतेच कसे? जुनी पाने गळली की बाष्पोच्छ्वास थांबतो. खोल गेलेली मुळे पाणी ओढत राहतात, ते खोडात भरते, आणि त्या शिदोरीवर पालवी फुटते. दिवस मोठा होत जाणे हीदेखील काही झाडांना मिळणारी खूण आहे. पावसाचा पहिला थेंब पडेल तेव्हा पाने तयार असावीत आणि ओल असलेला सगळा काळ प्रकाशसंश्लेषणाला मिळावा, असा या व्यवहाराचा फायदा. वसंत म्हणजे निसर्गाचा उत्सव, असे म्हणायला हरकत नाही. पण हा उत्सव आधी साठवलेल्या पाण्यावर चालतो, हे त्याच वाक्यात सांगायला हवे.

घाणेरीची कथाही अशीच. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झुडूप म्हणून भारतात आली आणि पुढे रानोमाळ पसरली. तिच्या एकाच गुच्छात दोन-तीन रंगांची फुले दिसतात. ही वेगवेगळ्या जातीची फुले नसून वेगवेगळ्या वयाची असतात. नवे फूल पिवळे, जुने होत गेले की ते नारिंगी वा गुलाबी होते. फ्रिट्झ म्युलर या ब्राझीलमध्ये राहणाऱ्या निसर्ग-अभ्यासकाने १८७७ साली 'नेचर' या नियतकालिकात याची नोंद केली. फुलपाखरे बहुधा पिवळ्या फुलांवरच बसतात, कारण मध तेथे असतो. जुनी रंगीत फुले गुच्छ दुरून उठून दिसावा यासाठी उपयोगी पडतात. पाचोडच्या कुठल्याही शिवारात हे पाहता येईल. तासभर एका झुडपाजवळ बसून कोणते फुलपाखरू कोणत्या रंगावर बसले याच्या रेघा ओढाव्यात. यासाठी पैसा लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. मराठीच्या तासाला वाचलेला परिच्छेद विज्ञानाच्या तासाला असा पुढे नेता येतो.

आता मर्यादांकडे येऊ.

या चैत्रात माड आहे, फणस आहे. किनाऱ्याच्या दमट हवेतली ही झाडे. लेखिकेने आपल्या नजरेसमोरचे लिहिले, हे योग्यच केले. तसे लिहिले म्हणूनच लेख खरा उतरला. दोष आहे तो आपल्या वर्गांचा. पाचोडच्या मुलाला चैत्राचे वर्णन लिहायला सांगितले की तोही फणस लिहितो आणि माडाच्या लोंब्या लिहितो. त्याच्या अंगणातला कडुनिंब त्या वेळी पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेला असतो. रात्री त्याचा वास सगळ्या आळीत पसरतो, आणि पाडव्याला तीच पालवी गूळ-धने घालून तो खातो. ओढ्याकाठच्या करंजाने जुनी पाने टाकून कोवळी, चकाकती पाने आणि फिकट जांभळी फुले धरलेली असतात. हे सारे उत्तरपत्रिकेत येत नाही, कारण ते पुस्तकात नाही. ज्या लेखाने 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहा' असे स्वतःच्या उदाहरणाने सांगितले, तोच लेख पाठ करून दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याचे साधन बनला. हा प्रकार आम्ही अनेक शाळांच्या उत्तरपत्रिकांत पाहिला आहे आणि त्याचे वाईट वाटते. मुलांना लिहिता येत नाही, असे मुळीच नाही. आपण जे रोज पाहतो ते लिहिण्याजोगे आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरी मर्यादा दिनदर्शिकेची आहे आणि ती थोडी तांत्रिक आहे. मराठी साहित्यातले ऋतुवर्णन चांद्र महिन्यांवर चालते. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. हा फरक अधिक महिन्याने भरून काढला जातो. परिणामी चैत्राचा पहिला दिवस सूर्याच्या हिशेबाने मागेपुढे सरकतो. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता, २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला. एका वर्षात अठरा दिवसांचा फरक. झाड पंचांग वाचत नाही. ते तापमान, दिवसाची लांबी आणि मुळाशी असलेली ओल वाचते. त्यामुळे 'चैत्रात कडुनिंब फुलतो' हे वाक्य गद्यात सुंदर असले तरी नोंदवहीत अपुरे आहे. यंदा मोहोर लवकर आला की उशिरा, हे चांद्र तिथीवरून कळणार नाही.

गंमत अशी, की पाचोडच्या शेतकऱ्याकडे सौर पंचांग आधीपासून आहे. पावसाची नक्षत्रे सूर्याच्या स्थितीवरून मोजतात. मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागतो, हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. मोसंबीच्या बहारांची नावे पाहा: मृग बहार, हस्त बहार आणि आंबे बहार. पहिली दोन नावे सूर्यनक्षत्रांची. तिसरे नाव त्याहून सूक्ष्म आहे. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, मोसंबी फुलते म्हणून तो आंबे बहार. एका झाडाचा काळ दुसऱ्या झाडावरून सांगितलेला! वनस्पतींच्या ऋतुनिष्ठ घडामोडींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हेच करतात. साहित्याने चैत्र-वैशाख धरले आणि शेतीने मृग-हस्त धरले. मराठीच्या पाठ्यपुस्तकांत पहिलेच तेवढे ललित ठरले. दुसऱ्याला वर्गात जागा मिळाली तर भाषेचे नुकसान होणार नाही.

तिसरी मर्यादा आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि पाचोडमध्ये ती टाळता येत नाही. लेखातला ऋतू आपोआप येतो. तो आला की माणूस तो पाहतो आणि आनंदित होतो. पाचोडच्या बागेतला ऋतू बराचसा माणूस घडवतो.

मोसंबीचे झाड मोकळे सोडले तर वर्षातून दोन-तीन वेळा थोडेथोडे फुलत राहते. अशी विखुरलेली फळे विकायला परवडत नाहीत. म्हणून शेतकरी एक बहार निवडतो आणि त्यासाठी झाडाला 'ताण' देतो. ताण देणे म्हणजे पाणी तोडणे. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड-दोन महिने झाडाला पाणी द्यायचे नाही. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. वाढ थांबते. मग हलकी चाळणी करून, खत देऊन, आंबवणीचे हलके पाणी द्यायचे, चार दिवसांनी चिंबवणी. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बाग पांढरी होते. हा सुगंध ज्याने घेतला आहे त्याला वसंताचे वर्णन वाचून दाखवावे लागत नाही.

झाडात या काळात काय घडते? जुने स्पष्टीकरण असे, की वाढ थांबल्यामुळे फांद्यांत कर्बोदके साठतात, नत्राचे प्रमाण त्या मानाने कमी राहते, आणि हे गुणोत्तर फुलांना अनुकूल ठरते. ते अगदी चुकीचे नाही, पण पुरेसेही नाही. मिखाईल चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात अशी कल्पना मांडली होती, की फुलण्याचा निरोप पानात तयार होतो आणि तेथून अंकुराकडे जातो. त्या अज्ञात निरोप्याला त्यांनी 'फ्लोरिजेन' म्हटले. तो निरोप्या म्हणजे 'एफटी' या जनुकापासून बनणारे प्रथिन, हे एकविसाव्या शतकात स्पष्ट झाले. मोसंबीवर्गीय झाडांत थंडी किंवा पाण्याचा ताण मिळाला की पानांतील या जनुकाचे काम वाढते. म्हणजे पाणी तोडणारा शेतकरी झाडाला अशी खूण देत असतो, जी जनुकाच्या पातळीवर वाचली जाते. पिढ्यान्पिढ्या हे कौशल्य अनुभवावर चालत आले. त्याची यंत्रणा नंतर समजली.

आता पाठातला चैत्र आणि पाचोडचा चैत्र शेजारी ठेवून पाहू. पिंपळ पालवतो आहे, कडुनिंब फुलला आहे. आंबे बहाराच्या बागेत फळे गोटीएवढी झाली आहेत आणि त्यांना पाण्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी विहीर खाली गेलेली असताना. शेजारच्या मृग बहाराच्या बागेला थोड्याच दिवसांत ताणावर सोडायचे आहे. तिथली पाने मुद्दाम सुकू दिली जातील. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एक बाग पाणी हवे म्हणून आसुसलेली, दुसरी ठरवून तहानलेली ठेवलेली. ज्याच्या विहिरीला उन्हाळी पाणी नाही त्याला मृग बहार सोयीचा वाटतो, कारण तहानेचा काळ उन्हाळ्यातच उरकतो. पण मग सगळे मृगाच्या पावसावर येऊन ठेपते. पाऊस लांबला तर ताण जिवावर बेततो. पाऊस लवकर आला तरी अडचण: २०२५च्या मे महिन्यात महाराष्ट्रात भरपूर अवेळी पाऊस झाला, तसा तो ताणावरच्या बागेत पडला की ताण अर्ध्यातच मोडतो आणि झाड फुलाऐवजी नुसती पालवी फेकते. जो हिरवा रंग पाहून वाटसरू सुखावतो तोच मालकाच्या पोटात गोळा आणतो.

येथे 'निसर्गाशी सुसंवाद' या शब्दांचा अर्थ काय करायचा? मोसंबी हे फळच पाहा. नाव मोझांबिकवरून आले. गोड संत्रावर्गातले हे झाड पपनस आणि मँडरीन संत्रे यांच्या पुरातन संकरातून निर्माण झालेले, उगम चीनच्या दक्षिण भागाकडचा. पाचोडच्या शेतात ते जंबेरीच्या किंवा रंगपूर लाइमच्या खुंटावर डोळा भरून उभे केलेले असते: मूळ एका झाडाचे, फांदी दुसऱ्याची. पाणी बेसाल्टच्या भेगांतून विजेच्या पंपाने वर काढलेले. यातले 'नैसर्गिक' नेमके काय, असे विचारले तर सोपे उत्तर नाही. हस्तक्षेप न करणे म्हणजे सुसंवाद, असे म्हणणाऱ्याने येथे येऊन एक बाग हस्तक्षेपाविना जगवून दाखवावी. आणि हस्तक्षेप म्हणजेच प्रगती, असे म्हणणाऱ्यालाही विहिरीचा तळ दाखवता येईल.

हिशेब करून पाहू. सहा बाय सहा मीटर अंतरावर लावले तर एका हेक्टरात सुमारे २७७ झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला हिशेबापुरते शंभर लिटर पाणी धरू. जमीन आणि हवामानाप्रमाणे आकडा खालीवर होईल. म्हणजे एका हेक्टरला रोज २७,७०० लिटर. ग्रामीण भागात नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यावे, हा जलजीवन अभियानाचा निकष आहे. त्या मापाने एक हेक्टर बाग उन्हाळ्यात सुमारे पाचशे माणसांचे पाणी पिते. हा आकडा शेतकऱ्याला दोष देण्यासाठी नाही. त्याच पट्ट्यात पाटाच्या पाण्यावर ऊसही उभा असतो, आणि तो मोसंबीहून बरेच अधिक पाणी पितो. शिवाय ताणाच्या महिन्यांत मृग बहाराची बाग जवळजवळ काहीच पीत नाही, हेही याच हिशेबात मांडले पाहिजे. दहावीच्या मुलाला हे गणित पाच मिनिटांत करता येते. ते करून झाल्यावर तो बागेकडे ज्या नजरेने पाहील ती नजर अधिक सजग नाही काय?

२०१२-१३च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यांतल्या मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. काहींनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवली. काहींनी फळे झाडून टाकली, छाटणी केली, खोडाभोवती पाचट पसरले आणि निदान लाकूड जिवंत ठेवले. ज्यांना यातले काहीच साधले नाही त्यांनी दहा-पंधरा वर्षांची झाडे तोडून सरपण केले. मोसंबी लावल्यापासून धडाचे उत्पन्न सुरू व्हायला पाच-सहा वर्षे लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तुटलेल्या बागेचा अर्थ कळतो. त्या वर्षीही चैत्र आला होता आणि पिंपळाला पालवी फुटली होती, कारण त्याची मुळे खोल असतात. त्या वर्षी शाळेत असलेल्या मुलांपुढे निसर्गाच्या उदारपणाचे गोडवे गायलेले लेख ठेवणे त्यांना परके वाटले असेल, तर त्यात मुलांची चूक नाही.

मग दुर्गाबाईंचा पाठ पाचोडला निरुपयोगी ठरतो काय? आमचे मत नेमके उलट आहे. त्यांची रीत पाण्यालाही लावायची, एवढेच उरते. घाणेरीला त्यांनी जागा दिली, तशी ताणावरच्या मलूल पानाला द्यावी. पानाच्या रंगाचा बदल त्या टिपतात, तसा विहिरीच्या पातळीचा बदल टिपावा. आनंद यातून कमी होतो, असे आम्हांला वाटत नाही. फुललेल्या बागेत शंभर फुलांतून हाती लागणारी फळे पाचाच्या आत असतात. बाकीची गळून जातात, आणि ही गळ झाडाच्या हिशेबाचा भाग आहे. हे माहीत असलेल्याला फुलांचा सडा पाहून वाटणारा आनंद अज्ञानी माणसाच्या आनंदापेक्षा उणा कसा ठरेल? उलट त्याला धाकधुकीची धार येते. पाचोडच्या माणसाचा वसंत असाच असतो.

शेतीविषयक पुस्तिकांनाही याच न्यायाने दोन शब्द सुनावले पाहिजेत. तेथे बहार, ताण, खताची मात्रा सारे असते. पण झाड मात्र यंत्रासारखे येते. बटण दाबले की फूल. तहानलेले पान दुपारी कसे मिटते, पहाटे कसे सावरते, आणि पहाटेही सावरले नाही तर ताण जास्त झाला असे समजावे, ही अनुभवी बागाईतदाराची नजर त्या पुस्तिकांत क्वचित सापडते. ललित लेखकाने आकड्यांना टाळले आणि कृषिलेखकाने डोळ्यांना. दोघांच्या मध्ये पाचोडचा विद्यार्थी उभा आहे.

वर्गात याचे काय करावे? शाळेच्या आवारातली वा वाटेवरची तीन-चार झाडे ठरवावीत: एक पिंपळ, एक कडुनिंब, एक आंबा, आणि पालकांची परवानगी असेल तर बागेतले एक मोसंबीचे झाड. दर आठवड्याला एकदा तेच झाड पाहायचे. कोवळी पाने, पिकली पाने, कळ्या, फुले, फळे यांचे प्रमाण 'नाही, थोडे, भरपूर' अशा तीन शब्दांत लिहायचे. 'सीझनवॉच' हा उपक्रम भारतभरच्या शाळांच्या मदतीने अशाच नोंदी गोळा करत आला आहे. त्यात सहभागी होता आले तर उत्तम, नाही तर साधी शंभरपानी वही पुरते. तारीख इंग्रजी महिन्याची लिहावी आणि तिच्याशेजारी मराठी तिथी व नक्षत्रही. वही एका मुलाची नसावी, वर्गाची असावी आणि दहावीच्या मुलांनी जाताना ती नववीकडे सोपवावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून हवामानबदलाचे निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याला दशके लागतात. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या फुलोऱ्याच्या नोंदी हजाराहून अधिक वर्षे मागे जातात. आपण आज सुरुवात केली तरी उशीर झालेलाच आहे.

याच वहीत एक रकाना विहिरीचा ठेवावा. दोरीला दर हातावर गाठ मारावी, टोकाला दगड बांधावा, आणि काठावरच्या ठरावीक खुणेपासून पाणी किती हात खाली आहे ते मोजावे. मोजताना सोबत मोठे माणूस हवेच आणि विहिरीला कठडा नसेल तर ती निवडूच नये. पंप चालू असताना मोजू नये. सकाळी, उपसा सुरू होण्याआधी मोजावे. पाऊस सुरू झाला म्हणून मोजणी थांबवू नये. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी किती दिवसांनी वर येते, हेही त्याच रकान्यातून कळते, आणि बेसाल्टच्या मुलखात ते विहिरीगणिक वेगळे असते.